मुकी पाणबुडी

“गेम चालू आहे, हे तुला कशावरून कळलं?” भंते सुमंगल यांनी विचारलं.

“दिसतोय ना, भंतेजी. पाणबुडी दिसते, पाणी दिसतं, शत्रूची जहाजं दिसतात. फक्त आवाज नाही.”

“आणि बाबा काय म्हणतात?”

सम्यकने मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहिलं.

“ते म्हणतात, चालू नाही झाला.”

विहाराच्या ओट्यावर सकाळचं ऊन आलं होतं, ते भंतेंच्या पायांपर्यंत पोचलं होतं. त्यांनी पाय आत घेतले नाहीत.

सम्यक तायडे पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. परदेशातली माणसं कुठं अडली की त्याला फोन करत, आणि तो इकडून सोडवून देई. सुट्टी काढून तो मूर्तिजापूरला आला होता, तो एका जुन्या गेमपायी.

त्याचे वडील देविदास तायडे यांचं बसस्टँडजवळ टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. गावात कॉम्प्युटर नवे नवे आले, तेव्हा त्यांनीही एक आणून ठेवला. दुपारी मुलं नसायची. मग बापलेक एकाच बाकड्यावर बसून पाणबुडीचा गेम खेळायचे. विंडोजच्या आधीचा, डॉसवर चालणारा गेम. समुद्राखाली सगळा काळोख. शत्रूचं जहाज आसपास असलं की ‘टुंग’ असा आवाज यायचा. जहाज जवळ येऊ लागलं की टुंगमागून टुंग घाईनं येऊ लागायचे, आणि सम्यक बापाचा दंड घट्ट धरायचा.

आता देविदासांचे डोळे काचबिंदूने गेले होते. घरातल्या घरात ते भिंतीला हात लावत चालायचे. रविवारी मुलाचा फोन आला की जेवला काय, बरा आहेस काय, एवढ्यावर बोलणं आटपायचं. एका रविवारी मात्र फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, “त्या पाणबुडीचा आवाज एकदा ऐकायले भेटला असता तं...”

पुढचं बोललेच नाहीत. पण मोठा झाल्यापासून वडिलांनी आपल्याकडे काही मागितलेलं सम्यकला आठवत नव्हतं.

घरी आल्यावर त्याने माळ्यावरून इन्स्टिट्यूटचा जुना कॉम्प्युटर काढला. त्याची हार्ड डिस्क जिवंत निघाली. तिच्यातला गेम त्याने आपल्या नव्या लॅपटॉपवर उतरवला. इथवर सगळं सोपं होतं.

देविदास इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत येऊन बसले होते.

“चालू झालं काय?”

“झालं, बाबा. निघाली पाणबुडी.”

“मले तं काहीच ऐकू नाही आलं.”

सम्यकने आवाज वाढवला. स्पीकर बदलला. हेडफोन लावून पाहिला. गाणी वाजत होती, फोनवरची माणसं बोलत होती, सगळं वाजत होतं. गेम तेवढा मुका. त्याने इंटरनेटवर शोधलं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले, एकेक सेटिंग उलटंपालटं करून पाहिलं. वडील बसून राहिले. मग उठले आणि भिंतीला हात लावत आत गेले.

तेव्हा सम्यकला भंतेंची आठवण झाली. चीवर घेण्याआधी ते याच गावात कॉम्प्युटर शिकवायचे. सम्यकने पहिल्यांदा कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, ते त्यांच्या समोर. तेव्हा तो त्यांना सर म्हणायचा. विहाराच्या रस्त्याला लागताना त्याच्या मनात आलं, यांना हे सगळं सोडून किती वर्षं झाली, यांना आता काय आठवणार. तरी तो गेला.

“काय काय करून पाहिलंस?” भंतेंनी विचारलं.

सम्यकने सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. काहीही बाकी ठेवलेलं नव्हतं, हे त्याचं त्यालाच पटत चाललं होतं.

भंतेंनी सगळं ऐकून घेतलं.

“पाणी पिणार?”

“चालेल.”

“गवईबाबांना हाक मार.”

गवईबाबा विहाराची देखभाल करायचे. मागच्या खोलीत राहायचे. सम्यक लहानपणापासून त्यांना ओळखत होता. त्याने बसल्या जागेवरून हाक मारली.

“गवईबाबा...”

कुणी आलं नाही.

“मोठ्याने मार.”

“गवईबाबा, पाणी आणता का जरा?”

कडुनिंबावर साळुंक्यांचं भांडण चाललं होतं. बाकी शांत.

भंते म्हणाले, “गवईबाबा वारले. मागच्या पावसाळ्यात.”

सम्यकने मागच्या खोलीकडे पाहिलं. म्हातारा चांगला होता. मग त्याला थोडा रागही आला.

“मग मला हाक कशाला मारायला लावलीत?”

“तुझ्या आवाजात काही बिघाड होता?”

“नाही.”

“माझ्या विहारात?”

“नाही.”

“मग दुरुस्त काय करायचं?”

तेवढ्यात मागच्या दारात एक बाई दिसल्या. हातात सूप, सुपात तांदूळ. त्यांचं नाव पंचफुलाबाई. गवईबाबांच्या मागे विहाराचं सगळं त्याच बघत होत्या.

“बाई, तुम्हाला माझी हाक ऐकू नाही आली?” सम्यकने विचारलं.

“आली नं. दोन्ही खेपा आली.”

“मग?”

“तुम्ही मले कुठं बोलावलं?”

त्यांनी सूप खाली ठेवलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणून दिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

“बाई,” भंते म्हणाले, “यापुढं कुणी गवईबाबांना हाक मारली, तर तुम्ही ओ देत जा.”

“बरं, भंतेजी.”

सम्यक हसला. भंतेंना काय दाखवायचं होतं ते त्याच्या ध्यानात आलं होतं. आपल्याला इतकं लहान समजावं, हे मात्र त्याला लागलं.

“भंतेजी, हे मला माहीत आहे. जुना गेम आवाजासाठी एका ठरावीक साउंड कार्डाला बोलावतो. ते कार्ड आता कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसतं. नव्यात आवाजाची सोय आहे, पण गेमला ती माहीत नाही. म्हणून मी एक प्रोग्राम टाकलाय. तो जुन्या कार्डाचं सोंग घेतो आणि गेमला ओ देतो. जगभर लोक असंच करतात.”

“मग दिली ओ?”

“नाही.”

“का?”

“तेच तर कळत नाही. प्रोग्राम चांगला आहे. मी पूर्ण तपासलाय.”

“गेमला विचारलंस?”

“काय विचारायचं?”

“तो कुणाला हाक मारतो. कोणत्या नंबरवर मारतो.”

“त्यात विचारण्यासारखं काय आहे? बहुतेक गेम एकाच...”

भंते त्याच्याकडे पाहत राहिले.

“विचारलंस का?”

सम्यकने तांब्या उचलला. त्यातलं पाणी मघाच संपलं होतं.

“नाही, सर.”

सर हा शब्द तोंडातून निघून गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. भंतेंनी तो दुरुस्त केला नाही. ते उठले आणि धुतलेलं चीवर दोरीवर वाळत घालू लागले. सम्यकने लॅपटॉप मिटला.

घरी आल्यावर त्याने गेमचं फोल्डर उघडलं. आत सेटअप नावाचा एक बारकासा प्रोग्राम होता. त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक गेमसोबत असा प्रोग्राम यायचा. तुमच्या कॉम्प्युटरात कोणतं कार्ड आहे, ते कोणत्या नंबरवर बसवलंय, हे पहिल्यांदा त्यात सांगायचं, मग गेम तेवढंच धरून चालायचा. सम्यकने तो आधीही पाहिला होता. हे ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी असतं, असं समजून त्याने तो उघडलाच नव्हता.

उघडला. निळा पडदा, पांढरी अक्षरं. कार्डाचं नाव तेच होतं. पत्ताही तोच. पण कार्ड कॉम्प्युटरला ज्या नंबरवर इशारा करतं, तिथं पाच लिहिलेला होता. सम्यकच्या प्रोग्राममधलं सोंगातलं कार्ड सातवर बसलं होतं.

देविदास आतल्या खाटेवर आडवे होते. झोपलेले नव्हते.

“बाबा, इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरात साउंड कार्ड पाचवर होतं का?”

देविदासांनी मान वळवली.

“पाचवरच होतं. सातवर प्रिंटर होता नं. दोघंही सातवर ठेवले की भांडत. गेम लावला की प्रिंटर अडे. मंग मी कार्ड पाचवर नेलं.”

“तुम्ही?”

“मंग कोण? तू तं तवा चड्डीत होता.”

ते उठून बसले. “कायले विचारून रायला?”

“या तर खरं बाहेर.”

सेटअपमधला पाच खोडून सात करायला एक कळ पुरली असती. सम्यकचं बोट त्या कळेपर्यंत गेलं. मग त्याने सेटअप जसाच्या तसा बंद केला. आपल्या प्रोग्रामची सेटिंग उघडली, तिथला सात काढला आणि पाच लिहिला.

गेम सुरू केला.

पाण्याची घरघर आली. इंजिनाचा दबका आवाज आला. आणि खोल कुठून तरी एक टुंग.

देविदास भिंतीपासून खुर्चीकडे येत होते. तिथल्या तिथं थांबले. हात वर केला, बोलू नको अशा अर्थाने. दुसरा टुंग आला. तिसरा आला. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी हात पुढं केले. सम्यकने लॅपटॉप त्यांच्या हाताखाली सरकवला. टायपिंगच्या मास्तरांची बोटं, त्यांना कळा दाखवाव्या लागल्या नाहीत. त्यांनी पाणबुडी वळवली, खाली नेली आणि थोड्याच वेळात समुद्राच्या तळावर आपटून फोडली.

देविदास हसले. किती दिवसांनी हसले, ते सम्यकला सांगता आलं नसतं, कारण एवढे दिवस तो तिथं नव्हता.

“तू चालव,” ते म्हणाले. “मी ऐकतो.”

सम्यक चालवू लागला. नजर पडद्यावर, ओठ मिटलेले, जसा तो ऑफिसात बसायचा तसा. काही वेळ गेला.

“काय चालू आहे? सांग तं.”

“जहाज आहे एक.”

“कोणत्या बाजूनं?”

“उजवीकडून. मोठं आहे. मागे अजून एक बारकं दिसतंय.”

“पडद्यावर काय लिहून आलं?”

सम्यक थबकला. त्या बाकड्यावर बसायचे तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली की बाबा ती वाचायचे आणि मराठीत सांगायचे. कॅप्टन म्हणते, खाली चला. कॅप्टन म्हणते, थांबा आता. सम्यकला कितीतरी दिवस वाटायचं की पाणबुडीचा कॅप्टन मराठीच आहे.

“कॅप्टन म्हणते,” सम्यक म्हणाला, “इंजिन बंद करा. आवाज करू नका.”

“मंग कर बंद.”

त्याने इंजिन बंद केलं. दोघं गप्प बसले. टुंग जवळ आले, अगदी जवळ आले, मग लांब लांब होत गेले.

“गेलं,” देविदास म्हणाले. सम्यकला ते पडद्यावर दिसायला अजून थोडा अवकाश होता.

दुपार तशीच गेली. आईने चहा आणून ठेवला, तो निवला. सम्यक समुद्र सांगत होता, जहाजांचे रंग सांगत होता, नसलेले रंगसुद्धा सांगत होता. मधेच केव्हातरी त्याने गेम थांबवला.

“बाबा...”

“हं?”

“आता तुम्हाला काय दिसतं? म्हणजे, काळं दिसतं का?”

देविदासांनी मान त्याच्याकडे वळवली.

“काळं नाही,” ते म्हणाले. “काळं बरं असतं रे. राख असते तसं दिसते. सकाळी डोळे उघडले तरी राख, मिटले तरी राख. पहिल्यांदा वाटलं, चुलीचा धूर झाला आहे घरात. तुही आई म्हणे, चूल कुठं आहे आता आपल्या घरी.”

“हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.”

“फोनवर काय सांगू?”

सम्यकने वडिलांचा दंड धरला. तो पूर्वीपेक्षा फार बारीक झाला होता. त्याने सोडला नाही. देविदासही हलले नाहीत. मग तेच म्हणाले, “लाव पुन्हा. जहाज तसंच उभं असल.”

दुसऱ्या दिवशी सम्यकला पुण्याला निघायचं होतं. स्टेशनवर जाण्याआधी तो विहाराकडे वळला. भंते ओट्यावर बसून कडुनिंबाचा वाळका पाला गोळा करत होते. सम्यकने वंदन केलं आणि शेजारी बसला. पाच आणि सातचं सगळं सविस्तर सांगायचं, असं त्याने रस्त्याने ठरवलं होतं. प्रिंटरचंही सांगायचं होतं. पण बसल्यावर ते त्याला सांगावंसं वाटेना.

“आवाज आला, भंतेजी,” तो एवढंच म्हणाला.

भंतेंचा हात पाल्यावर थांबला.

“कुणाचा?”