फास्ट लेन्स आणि निवृत्तीचं लग्न

सोनेवाडी नावाच्या गावात एक भोळा फोटोवाला होता. नाव निवृत्ती, पण अजून धड कामालाच लागला नव्हता. त्याच्याकडे नवाकोरा मिररलेस कॅमेरा होता. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला, असं कुणीतरी त्याला सांगितलं. निवृत्तीने घरातलाही आरसा काढून टाकला. तेव्हापासून त्याच्या मिशीची एक बाजू आखूड असायची.

तालुक्याला त्याच्या धोंडूमामाचा फोटो स्टुडिओ होता. मामा म्हणाला, "मांडवात उजेड कमी असतो. एक फास्ट लेन्स घे. फास्ट आहे ना, ते बघूनच घे हो!"

"बघूनच घेतो, मामा."

निवृत्ती दुकानात गेला. दुकानदाराने दोन लेन्स काउंटरवर मांडल्या. निवृत्तीने दोन्ही आडव्या केल्या, एक-दोन-तीन म्हटलं आणि दिल्या ढकलून. दोन्ही गडगडत गेल्या आणि फरशीवर आदळल्या.

"डावी आधी पोचली," निवृत्ती म्हणाला. "तीच द्या."

दुकानदाराने त्याची गचांडी धरली. मामाला स्टुडिओ टाकून धावत यावं लागलं. पोचा आलेली लेन्स अर्थातच निवृत्तीच्या गळ्यात पडली.

"गाढवा, फास्ट म्हणजे पळणारी नव्हे!" मामा ओरडला. "कमी उजेडातही जिला नीट दिसतं ती फास्ट. असली वस्तू अंधारात पारखून घ्यायची असते."

"आधी सांगायचं ना, मामा! आता लक्षात ठेवतो."

पुढे मामाने त्याच्यासाठी स्थळ आणलं. शेजारच्या गावची वैजयंता. पोहे झाले. मुलगी समोर येऊन बसली. निवृत्ती उठला. त्याने खिडक्या लावल्या, दार लोटलं आणि दिवा घालवला.

काळोखात मुलीच्या बापाचा आवाज आला, "हे काय चाललंय?"

"पारखतोय," निवृत्ती म्हणाला.

बाप काठी शोधू लागला, पण अंधारात ती काही सापडेना. वैजयंता तोंडाला पदर लावून खुदुखुदू हसत होती. मुलगा कसा आहे ते सगळ्यांना अंधारातही स्वच्छ दिसलं. पण कॅमेरावाला जावई म्हणजे गावात मान. लग्न ठरलं.

बाहेर येताच मामाने त्याचा कान पिरगाळला. "माणसं उजेडात बघायची रे! आणि फोटो काढताना लेन्स पुरती उघडायची. म्हणजे महत्त्वाचा माणूस ठसठशीत येतो, मागचं सगळं पुसट होतं."

"आधी सांगायचं ना, मामा! आता लक्षात ठेवतो."

त्याच आठवड्यात दूध सोसायटीचा गटफोटो होता. पुढे खुर्चीत चेअरमन, मागे सगळे संचालक इस्त्रीचे कपडे घालून उभे. निवृत्तीने लेन्स पुरती उघडली. फोटोत चेअरमनच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. मागे नुसतं धुकं.

"व्वा!" चेअरमन म्हणाले. "सोसायटीचा कारभार जसा आहे तसा आलाय!" त्यांनी तो फोटो फ्रेम करून ऑफिसात लावला. संचालकांनी निवृत्तीला गोठ्यामागे नेऊन बदडला.

मामाने त्याच्या पाठीला हळद लावली आणि कपाळाला हात लावला. "अरे, सगळेच महत्त्वाचे असतील तर मागे सरावं! या लेन्सला झूम नाही. आपले पाय हाच झूम. सगळे नीट दिसेपर्यंत मागे जायचं. आणि फोटोत एक माणूस कमी पडता कामा नये."

"आधी सांगायचं ना, मामा! आता अगदी पक्कं लक्षात ठेवतो."

लग्नाचा दिवस उजाडला. नवरदेव बोहल्यावर उभा राहिला तो गळ्यात कॅमेरा घालूनच. मामा तिकडे आचाऱ्याशी हुज्जत घालत होता. अंतरपाट धरला गेला. भटजींनी डोळे मिटून मंगलाष्टकं सुरू केली. निवृत्तीने कॅमेरा डोळ्याला लावला. अंतरपाटाच्या कडेने नवरीचं नुसतं नाक दिसलं.

तो कडेला होऊन मागे सरला. आता नवरी दिसली, भटजी दिसले, पण नवऱ्याची जागा मोकळी! एक माणूस कमी. जवळच त्याचा मित्र दौलत मूठभर अक्षता घेऊन उभा होता. उंचापुरा, देखणा गडी. निवृत्तीने आपलं बाशिंग काढून त्याच्या कपाळाला बांधलं. हातात हार दिला.

"तिथे उभा राहा. हलू नकोस."

"अरे, पण..."

"हलू नकोस म्हटलं ना!"

निवृत्ती मागे सरत गेला. मांडवाच्या पार दारापर्यंत गेला. आता सगळं वऱ्हाड मावलं. शेवटचं "सावधान" झालं. अंतरपाट खाली आला. वैजयंताने समोर बघितलं. मग लांब दारात एक डोळा मिटून उभ्या असलेल्या निवृत्तीकडे बघितलं. पुन्हा समोर बघितलं. आणि हार घालून टाकला. दौलतनेही घातला. बँड दणाणला.

मामा हातात झारा घेऊनच धावत आला. "निवृत्ती! अरे, थांबव! तुझं लग्न..."

"मामा, बाजूला व्हा," निवृत्ती खेकसला. "मध्ये येताय."

बोहल्यावरून वैजयंताने हाक मारली, "अहो फोटोवाले! आता जवळ येऊन आमचा जोडीचा एक काढा."

निवृत्ती लगबगीने पुढे गेला. गुडघा टेकून त्याने नेम धरला आणि म्हणाला, "वहिनी, जरा हसा."