पोलादाचे चार तुकडे

एकदा एक हमाल लोहार व्हायला निघाला. वय चाळिशीचे, बोटे दगड उचलून सोलवटलेली, आणि लोखंडाशी त्याचा संबंध एवढाच, की ते तो डोक्यावरून वाहून नेत असे.

डोंगराच्या पायथ्याशी काळ्या दगडाची खाण होती. तिथले पाथरवट जाती, पाटे, उखळी घडवीत. त्या दगडापुढे छिन्नीचे टोक दोन दिवसही टिकत नसे. म्हणून दर आठवड्याला हा हमाल बोथट छिन्न्यांचे गाठोडे घेऊन सहा कोसांवरच्या बाजारात जाई, तिथल्या लोहाराकडून टोके काढून आणी आणि परत येई. अशी चौदा वर्षे गेली. त्यावरच त्याचा संसार चालला होता.

एके दिवशी, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, मुकादमाने जाहीर केले, "आता खाणीवरच लोहार बसवायचा. बाजारातला लोहार यायला तयार आहे. त्याच्याकडं भट्टी फुंकायला विजेचा पंखा आहे, मोठी ऐरण आहे."

हमालाने लगेच हिशेब केला. लोहार खाणीवर आला म्हणजे गाठोडे नेण्याचे काम संपले, आणि काम संपले म्हणजे चूल विझली. भीतीपोटी माणूस कधी कधी आपल्या ऐपतीपेक्षा मोठे बोलून जातो. तसा तो बोलला, "मी शिकतो की लोहारकाम!"

सगळे खो खो हसले. फक्त सर्वांत वडीलधारा पाथरवट हसला नाही. तो म्हणाला, "हसायचं कशापायी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांच्या दोन-दोन छिन्न्या एकाच दगडाला लावू. ज्याच्या टिकतील, त्याची भट्टी इथं पेटंल."

मुकादमानेही मान डोलावली. हाती चार महिने होते.

शेजारच्या वाडीत एक वृद्ध लोहार राहत असे. हात थरथरू लागल्यापासून त्याने हातोडा खाली ठेवला होता, पण नजर शाबूत होती. हमाल त्याच्या पाया पडला, मला शिकवा म्हणाला, आणि लागणाऱ्या सामानाची यादी त्याच्यापुढे वाचू लागला. एक ऐरण हवी, एक पंखा हवा, तीन तऱ्हेच्या सांडशा हव्यात, लहानमोठे हातोडे हवेत. शेळी विकून जे हाती आले होते, त्यात यातली एक ऐरणही धड येत नव्हती.

त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पेटीवर एक सूर धरता येण्याआधी पेटीला मखमली गवसणी शिवून घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांतला एक मी स्वतः आहे.

वृद्ध म्हणाला, "ऐरण नको."

"मग आबा, ठोकू कशावर?"

"जड असंल आन् हालत नसंल, त्येच्यावर."

भंगारवाल्याकडे आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा मिळाला. तो बाभळीच्या बुंध्यात ठोकून बसवला. जमिनीत खड्डा खणून, आतून माती लिंपून, बाजूने लोखंडी नळी पुरली, आणि भट्टी झाली. वृद्धाच्या घरी कातडी भाता फाटून पडला होता. हमालाच्या बायकोने त्याला जुन्या चपलांच्या चामड्याची ठिगळे लावली. उन्हात तापल्या लोखंडाचा खरा रंग दिसत नाही, म्हणून वर गोणपाटाची सावली केली. सांडशी हमालाने, म्हणजे आता वृद्धाच्या शिष्याने, स्वतः घडवली. ती पहिली सांडशी वस्तू धरण्यापेक्षा सोडण्यात अधिक तरबेज होती, पण दुसरी बरी निघाली.

उरलेल्या पैशांत कोळशाची दोन पोती आली, आणि जुन्या ट्रकच्या आसाचे वीत-वीतभर लांबीचे पोलादाचे चार तुकडे आले. या चारांतूनच परीक्षेच्या छिन्न्या निघायच्या होत्या. पाचवा तुकडा घ्यायला घरात काही उरले नव्हते.

पहिले तीन महिने शिष्याने भंगारातल्या साध्या लोखंडावर हात बसवला. त्याने खिळे केले, कड्या केल्या, दाराचे कोयंडे केले. साधे लोखंड गरीब स्वभावाचे असते. कमी तापवले तरी निमूट वाकते, चूक पोटात घालते. शिष्याला वाटले, आपल्याला जमले.

मग त्याने पोलादाचा पहिला तुकडा भट्टीत घातला. छिन्नी घडवली, टोकाला पाणी दिले, म्हणजे ते तापवून पाण्यात बुडवून कडक केले, आणि ती अंगणातल्या दगडावर लावली. दुसऱ्याच घावाला तिचे टोक तुटून उडाले.

शिष्याने तुटलेले टोक उचलून पाहिले. त्याने स्वतःशीच विचार केला, की तुकडा जास्त तापला असणार, म्हणूनच तो ठिसूळ झाला. आता आणखी जपून तापवायचे. तेवढाच कोळसाही वाचेल.

दुसऱ्या दिवशी वृद्ध काठी टेकत आला तेव्हा शिष्य जाडसर साधी सळई घेऊन सराव करीत होता. तो चिमटीने निवडून कोळसे घालत होता. सळई जरा लालसर झाली, की घाईने बाहेर काढी आणि तिची लाली मावळून ती काळी पडली तरी ठोकतच राही. वृद्धाने थोडा वेळ पाहिले. मग त्याने उरलेल्या तीन तुकड्यांतला सर्वांत चांगला तुकडा उचलला, भट्टीत खुपसला आणि वर कोळशाची अख्खी टोपली रिकामी केली.

"सूनबाई," तो शिष्याच्या बायकोला म्हणाला, "भाता मार. मी थांब म्हणेपर्यंत थांबू नगंस."

भाता धापा टाकू लागला. तुकडा लाल झाला, नारिंगी झाला, पिवळा झाला.

"आबा, काढा आता!" शिष्य म्हणाला.

"बघ नुसता."

तुकडा पांढरा पडला. मग विस्तवातून चरचर आवाज करीत ठिणग्या उडू लागल्या. तेव्हा कुठे वृद्धाने शिष्याला तो बाहेर काढून रुळावर ठेवायला आणि हातोडा मारायला सांगितले. पहिल्याच घावाला त्या सुंदर पोलादाचा ओल्या गुळाच्या खड्यासारखा भुगा झाला.

शिष्याच्या डोळ्यांत रक्त उतरले. हातोडा त्याने जमिनीवर आपटला.

"आबा, वैर असंल तर तोंडावर सांगायचं हुतं! शेळी इकली मी. दोनच तुकडे राहिले आता. माझ्या लेकरांच्या तोंडचा घास जाळला तुम्ही!"

त्याची बायको भात्यापासून उठली नाही. तिने फक्त विचारले, "आबा, असं का केलं ते सांगा. तुम्ही उगा करणार न्हाई."

वृद्ध बाजेवर टेकला. त्याचा आवाज शांत होता.

"गड्या, खाणीच्या कडंनं तू गाठोडं घेऊन चौदा वर्सं चालतोयस. भ्या वाटतं?"

"न्हाई."

"कारण कडा कुठं संपतो ते तू बघितलंयस. ज्यानं बघितला न्हाई, तो धा हात अलीकडंच पाय गाळतो. तुझ्या छिन्नीचं टोक का उडालं? तुला वाटलं, जास्त तापलं. आरं, तू ती थंड मारलीस. थंड पोलाद हातोड्याखाली गप बसतं, आन् आतल्या आत तडकतं. ती तड दगडावर गेल्यावर बोलती. तुला जळण्याचं भ्या, कोळसा सरंल ह्याचं भ्या, म्हणून तू विस्तवाच्या जवळच जाईनास. आज तू पोलाद जळताना बघितलंस. त्याचा कडा बघितलास. ऐरण कुणाची मागून आणता येती, भाता मागून आणता येतो. डोळा कुणाकडनं मागून आणशील? तो तुकडा जाळून मी तुझा डोळा घडवला."

शिष्याने रुळावरच्या भुग्याकडे पाहिले. तो हळूच म्हणाला, "ठिणग्यांच्या आधी पांढरा हुता. त्याच्या आधी पिवळा. त्याच्या आधी पिकल्या संत्र्यावानी."

"संत्र्यावर काढायचा," वृद्ध म्हणाला. "लाली मावळली की हातोडा वर. पुन्हा विस्तवात. धा बार घालावा लागला तर धा बार घाल."

"आन् हे दोन बी बिघडले तर?"

"तर बिघडले. पर भिऊन बिघडवायचे न्हाईत."

त्या दिवसापासून शिष्याने कोळसा मोजणे सोडले. आधी भंगारातल्या पोलादाच्या बारक्या कपच्यांवर त्याने रंग ओळखण्याचा सराव केला. मग ते दोन तुकडे घेतले. संत्र्याच्या रंगावर ते मेणासारखे हलके चालले, आणि शिष्याला प्रथमच कळले, की आजवर तो लोखंडाशी नुसता भांडत होता. शेवटी वृद्धाने शिकवल्याप्रमाणे टोक तेवढे पाण्यात बुडवून, रंग दिसावा म्हणून चटकन दगडाने घासून, तो पाहत राहिला. छिन्नीच्या मागच्या भागात उरलेल्या उष्णतेने वाळल्या गवताचा पिवळा रंग टोकाकडे सरकत आला, तपकिरी झाला, आणि जांभळा दिसायच्या आत त्याने पूर्ण छिन्नी पाण्यात सोडली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी खाण जमली. वडीलधाऱ्या पाथरवटाने एकच काळा धोंडा निवडला आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन गडी बसवले. बाजारातल्या लोहाराच्या छिन्न्या आरशासारख्या चमकत होत्या. शिष्याच्या छिन्न्यांवर हातोड्याच्या खुणा दिसत होत्या. मुकादम म्हणाला, "ह्या तर आत्ताच म्हाताऱ्या दिसतात!" पुन्हा हशा झाला.

दगडावर घाव सुरू झाले. छिन्नी टोकदार असली की आवाज खणखणीत येतो, बोथटली की तो दबतो. पाथरवटांना पाहावे लागत नाही, ऐकले की पुरते. सूर्य डोक्यावर येण्याआधी चमकत्या छिन्न्यांपैकी एकीचा टवका उडाला. भाकरीची वेळ टळून गेल्यावर दुसरीचा आवाज दबला. शिष्याच्या दोन्ही छिन्न्या खणखणतच होत्या. तिसऱ्या प्रहरी धोंड्याला उभी भेग गेली आणि त्याचे दोन भाग दोन बाजूंना कलंडले. त्या छिन्न्यांचा आवाज तेव्हाही सकाळसारखाच होता.

शिष्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला आणि ती मोकळेपणी रडली. बाजारातला लोहार मनाचा दिलदार होता. त्याने शिष्याची छिन्नी हातात घेऊन टोक निरखले आणि म्हणाला, "पाणी अचूक दिलंय. माझ्या हातून घाई झाली."

पाथरवट मात्र कुणाची स्तुती करीत नाहीत. त्यांच्यात रीत अशी, की जो लोहार मान्य झाला, त्याच्या पायापाशी आपली बोथट हत्यारे ठेवायची आणि निघून जायचे. वडीलधाऱ्याने आपल्या तीन छिन्न्या आणून शिष्याच्या पुढ्यात टाकल्या. त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. चाळीस माणसे आली आणि लोखंडाचा ढीग शिष्याच्या गुडघ्यापर्यंत चढला. सर्वांच्या शेवटी मुकादम आला. त्याच्या हातात त्याच्या घरची कुऱ्हाड होती. ती त्याने ढिगावर ठेवली आणि विचारले, "मिस्त्री, कधी न्यायला येऊ?"

चौदा वर्षे ज्याला 'ए गाठोडेवाल्या' अशी हाक येत होती, त्याने तो एक शब्द ऐकला आणि कुऱ्हाडीची धार अंगठ्याने तपासली. मग सरळ मान करून म्हणाला, "परवा या."

नवी विद्या घेणाऱ्याने साधनांत खुशाल काटकसर करावी, विस्तवात मात्र करू नये.