बाप्याच्या पोटचं गवत

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली ते हिरवं दिसतंय ना, ते समुद्रातलं गवत. होडी तिथून नेऊ नका म्हटलं, तर मघाशी तुमच्यातला एकजण हसला. हसा. आमचा अर्जू तांडेलही असाच हसला होता म्हणे.

त्या गवतात काडीएवढा, लांब सोंडेचा मासा राहतो. गवताच्या पात्यात उभा राहिला की दिसतही नाही. खाण्याच्या उपयोगाचा नाही, म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नसे. एका वर्षी मासळी मिळेना. गवतात लपली असेल म्हणून अर्जूने रापणीचं मोठं जाळं थेट गवतावरून ओढायला लावलं. गवत मुळासकट किनाऱ्यावर आलं. त्यात एक काडीमासा तडफडत होता, पोट फुगलेलं.

तिथे शेवंती नावाची म्हातारी मासळी निवडत होती. ती म्हणाली, "तेका पाण्यात सोड रे. तो बापूस आसा. मादी अंडी देता नि जाता, पोटाशी वागवता तो हो."

"बापयाक खंय पोट येता?" अर्जूने मासा वाळूत भिरकावला. सगळे खो खो हसले. अर्जूच्या घरी तेव्हा नऊ दिवसांची लेक होती. त्याने तिला अजून हातातही घेतलं नव्हतं. ते बायकांचं काम.

गवत गेलं, तशी वाळू सुटली. असे सांगतात, की तिसऱ्या दिवशी अमावास्येची भरती भर दुपारी झोपड्यांत शिरली. बाळंतीण आवडीला उभंही राहवेना. अर्जू तिला उचलू लागला, तर तिने लेक त्याच्या छातीशी लोटली. "पयलां चेडवाक ने. मी हंयच आसंय."

त्याने पंचाने लेक पोटाशी बांधली, कमरेएवढ्या पाण्यातून टेकडीवर पोचवली नि शेवंतीच्या ओटीत घातली. परत आला तेव्हा झोपडी नव्हती. आवडीही नव्हती. फार वाईट झालं.

अर्जूने पुन्हा लग्न केलं नाही. गवत परत रुजायला सात वर्षं लागली म्हणे. त्यावर जाळं पडू देणार नाही, अशी त्याने आण घेतली, ती गावाने पाळली.

आजही आमच्याकडे बारशाला बाप मूल पोटाशी बांधून गवताच्या कडेपर्यंत पाण्यात जातो. बाळंतिणीलाही हात धरून सोबत नेतात. परतताना ती पुढे, तो मागे. तिचे पाय कोरड्या वाळूला लागेपर्यंत बाप पाण्यातून बाहेर येत नाही.