खोट्याचा वास

डोंगरांना अजून नावे पडली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

एक मुलगी दूरदेशी वैद्यकी शिकून सात वर्षांनी आपल्या गावी परतत होती. आई वेशीपर्यंत धावत येईल, गळ्यात पडेल आणि सात वर्षांचे बोलणे एका दमात बोलून टाकेल, असे तिला वाटले होते. प्रत्यक्षात आई दारातच उभी होती. पदराने तोंड घट्ट झाकलेले. मुलगी पुढे झाली तशी ती दोन पावले मागे सरली आणि हातानेच खूण केली, की पाय धू, आत ये.

मुलीला वाटले, आईची वाचा गेली. शेजारणीने सांगितले ते त्याहून वाईट होते.

त्या गावात एक जुनी रीत होती. पारावर कोणी साक्ष द्यायला आला, की पंच आधी त्याचा श्वास हुंगत. श्वासाला वास आला तर बोलणे खोटे, नाही आला तर खरे. खोटे पोटात कुजते आणि तोंडावाटे बाहेर येते, असे गावाने ठरवूनच टाकले होते. वर्षापूर्वी एका सधन माणसाने एका विधवेची बकरी आपली म्हणून ओढून नेली. ती बकरी जन्मली तेव्हा मुलीची आई विधवेच्याच अंगणात हजर होती. तिने पारावर जाऊन तसे सांगितले. पंचांनी तिचा श्वास हुंगला आणि तोंड फिरवले. त्या दिवसापासून तिला पाणवठ्यावर, लग्नकार्यात, चारचौघांत बोलायला बंदी झाली. तो सधन माणूस मात्र वेलदोडे चघळून आला होता. बकरी त्याच्याच गोठ्यात राहिली.

हे ऐकून, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता, मुलगी तशीच पाराकडे निघाली. तिथे मुख्य पंच बसले होते, पांढऱ्या दाढीचे, अवघ्या गावाचे आजोबा. तिने त्यांना बजावून सांगितले, की तोंडाचा वास दातांमुळे, हिरड्यांमुळे, जिभेमुळे येतो, त्याचा खऱ्याखोट्याशी काही संबंध नसतो. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तिलाही श्वास सोडायला सांगितले. दोन दिवसांची पायपीट, उपाशी पोट, कोरडे तोंड. आजोबांनी नाकाला उपरणे लावले.

"एवढं शिकून आलीस पोरी, आणि पहिलंच बोलणं खोटं?"

पारावर हशा पिकला. "आईवर गेलीये," कोणी म्हणाले. दुसऱ्याने खुशाल सल्ला दिला, की वेलदोडा चघळून ये, मग तुझंही खरं होईल. म्हणजे वेलदोड्याची गंमत सगळ्यांनाच ठाऊक होती.

ती घरी आली आणि उजेड होता तोवर आईला अंगणात बसवून तिने तोंड उघडायला लावले. आई कितीतरी वेळ उघडेना. शेवटी उघडले. एक दाढ पार किडलेली, भोवती पू, हिरड्या सुजलेल्या, जिभेवर जाड पांढरा थर. वर्षभर ही बाई तोंड लपवत होती, म्हणून कोणी आत डोकावलेच नव्हते. आणखी काही महिने असेच गेले असते, तर पू जबड्यात उतरला असता.

मुलीने तिला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, जीभ हलक्या हाताने खरवडली. दाढ उद्या काढू म्हणाली. तेव्हा आई प्रथमच बोलली, आणि तेही हळू, तोंड बाजूला करून.

"बाळ, ती बकरी जन्मताना मी खरंच पाहिली होती का गं? सगळे म्हणतात तर मीच खोटं बोलले असेन."

मुलीला रडूही आले नाही. दाढ काढता येईल. हे कसे काढायचे?

सकाळी ती उठली आणि बाभळीची काडी चावायला घेतली. तेवढ्यात तिला स्वतःच्याच तोंडाचा वास आला. काल झोपताना तिने दात घासले होते, चूळ भरली होती, जीभ साफ केली होती. तरी रात्रभर मिटलेले तोंड ते. आता नीट घासून, वेलदोडा चघळून पारावर जावे, तर आज तिचे बोलणे खरे ठरले असते. पण मग जिंकला असता तो वेलदोडाच.

तिने काडी खाली ठेवली आणि तोंड न धुताच आजोबांचे दार ठोठावले. ते झोपेतून उठून तसेच बाहेर आले.

"आजोबा, चूळ भरायच्या आधी एक खरं सांगा. तुमच्या नातीचं नाव काय?"

आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी नाव सांगितले, दोनदा सांगितले.

"आता ओंजळ तोंडापुढे धरून तेच नाव पुन्हा घ्या."

आजोबांनी ओंजळीत नाव घेतले आणि स्वतःच्याच श्वासाच्या वासाने नाक मागे घेतले. मग उंबऱ्यावरच बसले. तिथूनच त्यांनी विचारले, "तुझी आई उठली का गं? मला तिच्याशी बोलायचंय."

त्या दिवशी आईची दाढ निघाली आणि बकरी विधवेच्या दारी परत बांधली गेली. पाराशेजारी बाभळीच्या काड्यांची जुडी आणि मिठाच्या पाण्याचे मडके आले. आजही तिथे साक्षीदाराच्या तोंडाला वास आला, तर त्याला आधी वैद्याकडे नेतात, आणि परत आला की त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकतात.

तात्पर्य : तोंडाचा वास तोंड स्वच्छ केल्याने जातो, माणसाला गप्प बसवल्याने नाही.