उकिरड्यावरची विहीर

तुमच्या-आमच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या तांबखडीत तेव्हा पाण्याचा टिपूस नव्हता. बाया डोंगरापलीकडच्या ओढ्यावरून पाणी आणायच्या, आणि चैत्रात तो ओढाही आटायचा.

गावात येसबा नावाचा पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून चालायचा. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहायचा, असं म्हणतात. परमुलखात त्यानं कितीतरी विहिरी दाखवल्या, पण स्वतःच्या गावात नारळ हलेना. एकदा हललासा वाटला म्हणून गावानं कंबर मोडेस्तोवर खणलं, आणि निघाला काळा फत्तर! लोक काय, बोलायला मोकळे. "जगाला पाणी पाजतो नि घरात कोरडा," म्हणाले. येसबाला ते फार लागलं. "गावात पाणी लागेल तेव्हाच तोंड दाखवीन," असं बायकोला सांगून तो गेला. नारळ तेवढा कोनाड्यात राहिला.

बायको ठकू. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती. तो निघाला तेव्हा मागून हाक मारावी असं तिला फार वाटलं, पण जीभ उचलली नाही. ती हाक तिच्या गळ्यातच अडकून राहिली.

गावाबाहेर उकिरडा होता, गावाएवढाच जुना. बाया नाकाला पदर लावून शेणाची पाटी टाकायच्या आणि लगेच वळायच्या. ठकू तेवढी थांबायची, कारण येसबा गेला ती वाट तिथूनच दिसायची. वर्षामागून वर्षं ती तिथं उभी राहिली.

एका वैशाखात, भर दुपारी, रान नुसतं तव्यासारखं तापलेलं. ठकू अनवाणीच उभी होती, आणि तिच्या ध्यानात आलं की आपले पाय भाजत नाहीत. अगं बाई! गावची कुत्रीसुद्धा तिथंच खळगे उकरून पडलेली. रोज हाड हाड करून तीच त्यांना हाकलत होती की! मग तिला आठवलं. येसबानं सारं शिवार पालथं घातलं, पण उकिरडा आला की तो वळसा घालायचा. नारळ देवाचा, तो घाणीवर कसा न्यायचा?

ठकूनं कोनाड्यातला नारळ काढला. "देवा, रागवायचं तर माझ्यावर रागव, त्यांच्यावर नको," म्हणाली आणि चढली उकिरड्यावर. वाळून खडखडीत झालेला तो नारळ तिच्या हातावर ताडकन उभा राहिला, असं म्हणतात.

पाटील ऐकून हसले. "ठके, उकिरड्यातलं पाणी कोण पिणार गं?"

"पाटील, तिथलंच खत शेतात घालता नि भाकरी चवीनं खाता. पाण्यानंच काय घोडं मारलंय तुमचं?"

तरी हात कुणी लावला नाही. मग ठकूनं पदर खोचला आणि ती एकटीच पाटी-पाटीनं उकिरडा रानात नेऊन टाकायला लागली. पाटी उचलताना मागून कुणीतरी हात लावायचं, वळून पाहावं तर कुणी नाही, असं म्हणतात. तिच्या मनात एकच होतं: पाणी लागलं की त्यांची लाज फिटेल, आणि ते येतील. हळूहळू बायांना राहवेना, मग गडीही कुदळी घेऊन आले. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं, तसं झालं. पुढच्या अक्षय्य तृतीयेला पहार खडकात घुसली आणि पाणी असं उसळलं की खणणारे चिंब होऊनच वर आले.

गाव नाचत होतं. ठकू पहिला पोहरा घेऊन वाटेवर धावली, सगळं पाणी मातीवर ओतलं आणि साऱ्या गावादेखत ओरडली, "येसबा! पाणी लागलं हो! या आता घरी!" त्या दिवशी तिला कुणी नावं ठेवली नाहीत.

येसबा काही आला नाही. ठकू म्हातारी झाली तरी रोज त्या वाटेवर एक घडा भरून ठेवायची. एका सकाळी घडा रिकामा होता आणि ठकू कुठंच नव्हती. तो तहानलेला आला आणि तिला घेऊन गेला, असं म्हणतात. तसंच झालं असेल, तसंच व्हायला हवं बाई.

आजही कुणी नशीब काढायला गाव सोडू लागला, की म्हातारी माणसं म्हणतात, "आधी उकिरड्यावर अनवाणी उभा राहून ये." आणि अक्षय्य तृतीयेला विहिरीचा पहिला पोहरा कुणाच्या घरी जात नाही. गावातली नवी सून तो वाटेवर ओतते आणि हाक मारते, "येसबा, पाणी लागलं हो! या घरी!" मग साऱ्या बाया घागरी खाली ठेवून गप्प उभ्या राहतात, कुणी ओ देतंय का ते ऐकत.