हुप्प्या आणि शेवग्याची फांदी

माणसांनी कुंपणं घालायच्याही आधीची गोष्ट. वानरांच्या टोळीचा म्होरक्या हुप्प्या ऐटीत शेवग्यावर झेपावला, फांदी मोडली आणि तो सगळ्यांदेखत चिखलात आपटला. "मी मुद्दाम उतरलो," म्हणाला. पडलो तरी नाक वर!

तेव्हापासून त्याला चैन नाही. कुणी जांभई दिली, कुणी पाठ खाजवली, तरी याला वाटायचं, माझीच टवाळी चाललीय. एकदा दोन पोरींची कुजबुज त्याच्या कानावर आली, "तिथंच हुप्प्या पडला." झालं, माथं भडकलं. "मी पडलो नव्हतो! थांबा, पुन्हा उतरून दाखवतो." तो शेवग्याकडे धावला, तोच म्हातारी वानरी आडवी आली.

"अरे मुडद्या, आमचं हसून केव्हाच झालं! शेवगा ठिसूळ, तिथं जाऊ नको, असं पोरी एकमेकींना बजावतायत. तुझ्या पडण्यातून सगळी टोळी शिकली. तू तेवढा आमची तोंडं न्याहाळत बसलास."

हुप्प्याने हात लांबवून एक फांदी नुसती दाबली. ती कडकन मोडली.

"पडलोच होतो मी," तो हळूच म्हणाला.

"आत्ता उतरलास बघ," म्हातारी म्हणाली.