किल्लेदाराचा मोतीबिंदू

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो, आणि तुम्हीही ऐका, थोरांनो. एका डोंगरी गडावर एक किल्लेदार होता. कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हाच त्याचा बाणा. एकदा गवताच्या भाऱ्यांत लपून आलेले हेर त्याने पकडले होते, आणि तेव्हापासून राजाचा तो लाडका झाला होता.

उतारवयात त्याच्या डोळ्यांपुढे धुकं दाटू लागलं. माणसांचे चेहरे पुसट झाले. दोघे हळू बोलताना दिसले की त्याला वाटे, हे माझ्याविरुद्ध काहीतरी शिजवताहेत. दूध कडवट लागलं तरी तो आचाऱ्याकडे रोखून बघे.

अशात गडावर भिवरा नावाची एक वैद्यीण आली. माणसांचे आणि जनावरांचे डोळे ती सारख्याच मायेने बरे करी. किल्लेदाराच्या डोळ्यांत पाहून ती म्हणाली, "धनी, हा मोतीबिंदू आहे. सळईने बाजूला सारता येईल."

"म्हणजे माझ्या डोळ्यात सुई खुपसणार? तुला कुणी पाठवलं, बाई?"

"कुणी नाही. संशय वाटत असेल तर आधी पारखून घ्या."

किल्लेदाराने तिची झोळी उलटी करून तपासली. प्रत्येक औषध तिला आधी स्वतः चाखायला लावलं. मग आपली म्हातारी घोडी पुढे केली. तिचाही एक डोळा पांढरा पडला होता. भिवराने घोडीला गुंगीचा पाला चारला, चौघांकडून तिला घट्ट धरवलं आणि सळई चालवली. पट्टी सुटली तेव्हा त्या बाजूने कुणीतरी गवताची पेंढी पुढे धरली. घोडीने मान वळवून ती ओढून घेतली.

लोकांना आनंद झाला. किल्लेदार मात्र म्हणाला, "घोडीला शत्रू नसतात. तिचा डोळा फोडून कुणाला काय मिळणार?"

त्याची बायको सगुणा हिलाही मोतीबिंदू होता. ती पुढे झाली. "मग माझा डोळा करू द्या. मला काही झालं तर तुम्हाला कळेलच."

सगुणेचा डोळा बरा झाला. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "किती वाळलात हो तुम्ही! मला दिसलंच नव्हतं."

किल्लेदाराचा हात नकळत तिच्याकडे गेला. पण लगेच तो मागे सरला. "तुला बरं करून माझा विश्वास मिळवायचा, हाच तिचा डाव असणार. आणि तू तिच्या बाजूने इतकी का बोलतेस?"

सगुणा आत निघून गेली.

"धनी, तुम्ही मला हवं तितकं तपासा," भिवरा म्हणाली, "पण मोतीबिंदू तुमच्यासाठी थांबणार नाही. तो फार पिकला तर डोळ्यातच फुटेल. मग माझाही इलाज चालणार नाही."

"धमकी देतेस?" किल्लेदार कडाडला आणि त्याने तिला गडाबाहेर काढलं. खालच्या खोऱ्यात पुष्कळ रोगी तिची वाट पाहत होते. ती तिकडे गेली.

पुढच्या उन्हाळ्यात किल्लेदाराचे डोळे लालबुंद होऊन ठणकू लागले. वेदनेने तो भिंतीवर डोकं आपटून घेई. शेवटी त्याने स्वतःच्या तोंडाने भिवराला बोलावणं धाडलं. ती धावत आली आणि त्याच्यापुढे बसली.

"धनी, उजेड कळतो का?"

"आधी दिवा तर लाव, बाई!"

दिवा त्याच्या तोंडापुढेच जळत होता. त्याची ऊब गालाला लागली, तेव्हा किल्लेदाराला सारं समजलं. तो लहान मुलासारखा रडला.

ठणका शमेल असा लेप भिवराने दिला. दृष्टी मात्र तिला देता आली नाही. राजाने गड दुसऱ्याच्या हवाली केला. एकाही हातावर भरवसा न ठेवणारा तो माणूस पुढे जन्मभर, जो हात मिळेल तो धरून चालला.

म्हणून सांगतो: पारखून जरूर घ्यावं, पण पारख झाल्यावरही जो संशय धरून बसतो, तो स्वतःच्या हातांनी स्वतःचे डोळे मिटतो.